नाइट गार्ड बसवला आणि घोरणं वाढलं: एका जबड्याचं प्रकरण

मी दंतवैद्य. रात्री दातांवर घालायचा हा गार्ड मीच करून दिला होता, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र केसपेपरवरचेच.

रुग्ण वय ४६, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग अडला, धोटा नीट जाईना, ताण्याचे धागे पटापट तुटायला लागले की हाक ह्याला. घरी तेलुगू, बाहेर मराठी. शहराच्या पूर्व भागात असे घरोघरी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला अक्का. नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपता संपता ते पहिल्यांदा आले. तक्रार एका वाक्याची होती: "डॉक्टरसाहेब, कडक भाकरी खायला गेलो की कानाजवळ कट्ट होतंय, अन् सकाळी कानशिलं आवळून आल्यागत वाटतंय."

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगायचं तर आमची कडक भाकरी ही ज्वारीची पातळ, पापडासारखी वाळवलेली भाकरी. आठवडेच्या आठवडे टिकते. ती शेंगाचटणीशी नुसतीच कडाकडा मोडत खाणारे लोक आहेत, अण्णा त्यातले. जबड्याच्या सांध्याची परीक्षा घ्यायला ह्यापेक्षा अवघड पदार्थ शोधून सापडणार नाही. त्यामुळे "केव्हापासून दुखतंय" ऐवजी मी बऱ्याच जणांना "कडक भाकरी केव्हापासून सोडली" असंच विचारतो. अण्णांनी चार महिन्यांपासून सोडली होती. आमटीत भिजवून खात होते.

मधल्या काळात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून निर्मळ सांगितला, ते बरोबरच होतं. दुसरीकडे उजवीकडची एक दाढ काढून झाली होती. दाढ किडलेली होती म्हणे, पण दुखणं काही तिचं नव्हतं, कारण ते दाढेबरोबर गेलं नाही.

मी काय तपासलं

तोंड दुखू न देता ३३ मिलिमीटर उघडत होतं, जोर लावून ३८. मी बोटांनी हलकं ताणल्यावर ४२ पर्यंत आलं आणि शेवटाला रबरासारखं मऊ लागलं. हा मऊपणा महत्त्वाचा. सांध्यातली गादी पुढे सरकून अडकली असती तर मी कितीही ताणलं तरी दार कडी लावल्यासारखं एका जागी थांबलं असतं. इथं अडवत होते ते स्नायू. उघडताना हनुवटी आधी उजवीकडे झुकायची, मग कट्ट आवाज येऊन मध्यावर यायची. मिटताना पुन्हा एक बारीक कट्ट. गादी जागेवरून सरकते आणि उघडताना परत जागेवर येते, त्याचा हा आवाज. गालातला चावण्याचा स्नायू, मॅसेटर, दाबला की अण्णा डोळे मिटून घेत होते, आणि कानशिलावरचा स्नायू दाबल्यावर म्हणाले, "हां, सकाळी दुखतंय ते हेच."

तोंड कमी उघडतंय म्हटल्यावर सोलापुरात आधी गालाच्या आतून बोट फिरवून बघावं लागतं. मावा-गुटख्याने गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेली पोरं आठवड्याला येतात. अण्णांचे गाल मऊ होते. व्यसन एक चहाचं, आणि त्याला व्यसन म्हणायचं का हा प्रश्नच आहे.

दातांवर घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक खाच होती, अगदी धाग्याएवढी. विचारलं तर हसले. तुटलेला धागा जोडला की गाठीचं टोक दातानेच तोडायचं. कात्री शोधायला वेळ कुणाला? वीस-पंचवीस वर्षांची सवय. गाठ मारताना दात आवळून धरायचीही सवय, ती त्यांनी तिथंच खुर्चीवर बसून नकळत करून दाखवली.

जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे होते. खालचा जबडा जरा मागे. वरचे दात खालच्यांच्या पुढे जवळपास सहा मिलिमीटर. आ केल्यावर जिभेच्या मागे पडजीभ दिसतच नव्हती. ह्या तिन्ही गोष्टी मी केसपेपरवर लिहिल्या. आज तो कागद समोर आहे. जिभेच्या ठशांपुढे मी "दात आवळतात" असं लिहिलंय, मागच्या जबड्यापुढे काहीच नाही, आणि पडजिभेपुढे "घसा पाहता आला नाही". दिसलं सगळं होतं.

निदान लिहिलं: चावण्याच्या स्नायूंचं दुखणं, आणि उजव्या सांध्यात गादी सरकून परत येणं. हे निदान तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे. ते अपुरं होतं.

उपचार नेहमीचे दिले. मऊ खाणं, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ओल्या गरम फडक्याचा शेक, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायची सवय, कमरेला छोटी कात्री. आणि रात्रीसाठी वरच्या दातांवर बसणारा कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड. रात्री दात घासले जातात, तर मध्ये काहीतरी ठेवा. आम्हा दंतवैद्यांचा हात तिकडे आपोआप जातो.

तीन आठवड्यांनी

दिवसाचं दुखणं थोडं कमी होतं. सकाळचं वाढलं होतं. अण्णांना उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं ठाक, आणि कारखान्यात दुपारच्या चहानंतर स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी. मी सांगणारच होतो की गार्डची सवय व्हायला महिना जातो. हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा म्हटलं असेल, आणि बहुतेकांना ते लागूही पडतं.

त्या दिवशी अक्का बरोबर आल्या होत्या. बाकावर बसूनच म्हणाल्या, "ते प्लास्टिक घातल्यापासून घोरणं लई वाढलंय ओ."

मी विचारलं, घोरणं आधीपासून आहे का. त्यावर त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "घोरण्याचं काय नाही डॉक्टर. आमच्या घराशेजारी माग हायत. माग चालू असला की झोप लागती. बंद पडला की जाग येती. ह्यांचं पण तसंच. घोरत असले की मी निवांत. घोरणं बंद पडलं की मी उठून बसते. मोजते. वीस-पंचवीस मोजून होतात, मग हे एकदम फुर्रर्र करून श्वास घेतात, दात करकरा वाजवतात, कूस बदलतात. मग परत चालू."

मागाशेजारी जन्म काढलेल्या बाईला आवाज थांबल्याची जाग येते, हे पूर्व भागात कुणालाही पटेल. स्लीप अ‍ॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचं, ह्याहून नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की तो मोजायच्या यादीत जातो. अक्का वीस-पंचवीस मोजत होत्या.

घोरण्याला आपल्याकडे कुणी आजार धरत नाही. मराठीत घोरणं, तेलुगूत गुरक, कन्नडात गोरके. सोलापूरच्या तिन्ही भाषांत शब्द घशातूनच निघतो आणि तिन्ही भाषांत त्यावर विनोदच होतात. गाढ झोप लागल्याचं लक्षण समजून घरचे कौतुकाने सांगतात.

मग मी खुर्चीवरच आठ प्रश्नांची चाळणी लावली. जगभर स्टॉप-बँग नावाने चालते, दोन मिनिटं लागतात. मोठ्याने घोरणं: हो. दिवसा थकवा: हो. श्वास थांबताना कुणी पाहिलंय: पाहिलंय आणि मोजलंय. रक्तदाब: माहीत नव्हता, तिथंच घेतला, १५२/९६ निघाला. वजन-उंचीचं गुणोत्तर २७, चाळणीची मर्यादा ३५, म्हणजे नाही. वय पन्नासच्या वर: नाही. मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त: ४१, हो. पुरुष: हो. आठात सहा. पाचपासून पुढे धोका जास्त धरतात. डुलकीचा एपवर्थ तक्ता भरून घेतला, त्यात २४ पैकी १५. दहाच्या वर गेलं की दखल घ्यायची.

गार्ड त्यांच्याकडून परत घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. रक्तदाबाचंही त्यात लिहिलं.

गार्डने बिघडतं ते कसं

जबडा बिजागरीवर फिरतो. दाढांच्या मध्ये दोन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक आलं की पुढचे दात त्याहून बरेच जास्त उघडतात, आणि हनुवटी नुसती खाली जात नाही, खाली आणि मागे जाते. जिभेचं मूळ जबड्याच्या पुढच्या भागाला आतून बांधलेलं असतं. जबडा मागे गेला की जीभही मागे. त्यात वरच्या गार्डची कड टाळूच्या बाजूला येते, जिभेची पुढची जागा खाते. जागेपणी आपण जीभ सावरून धरतो. झोपेत, त्यातही स्वप्नांच्या झोपेत, तो स्नायू सैल पडतो. अण्णांचा जबडा मुळातच मागे, मान आखूड, झोप उताणी. मी त्या अरुंद बोळात आणखी एक खुर्ची नेऊन ठेवली होती.

हे काही मी शोधलेलं नाही. माँट्रियलच्या गान्यों, लाव्हीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच एक छोटी चाचणी छापली होती. स्लीप अ‍ॅप्नियाच्या दहा रुग्णांना वरच्या दातांचा असाच गार्ड घालून झोपवलं. दहापैकी पाच जणांत श्वास अडण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांहून जास्त वाढलं. दहाच रुग्ण, म्हणून त्यावरून सगळे गार्ड वाईट असं कुणी म्हणू नये. घोरत नसलेल्या माणसाला मी आजही गार्ड देतो. पण ते वाचलेलं असून माझ्या केसपेपरवर झोपेचा एक प्रश्न नव्हता, हे मला टोचतं.

अण्णांच्या बाबतीत गार्डने किती बिघडलं, हे मी मोजलेलं नाही. त्यासाठी गार्ड घालून आणि काढून अशा दोन रात्री तपासणी करावी लागली असती. माझ्या कुतूहलापायी त्यांना दुसऱ्या तपासणीचा खर्च लावणं मला पटलं नाही. पुरावा म्हणाल तर अक्कांचा कान.

तपासणी घरीच झाली. बोटाला ऑक्सिजनची चिमटी, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. सहा तास चाळीस मिनिटांची नोंद मिळाली. तासाला २७ वेळा श्वास अडत होता किंवा बराच मंदावत होता. पाचपासून आजार धरतात, पंधरापासून मध्यम, तीसपासून तीव्र. पण सरासरीच्या आत डोकावलं तर उताणं झोपल्यावर ४१, कुशीवर १२. ऑक्सिजन एकदा ७८ टक्क्यांपर्यंत घसरला होता. अशा घरगुती यंत्रावर मेंदूच्या लहरी नसतात, त्यामुळे नुसती अर्धवट जाग आली तर ती त्यात मोजली जात नाही. खरा आकडा ह्याहून थोडा वरच असण्याची शक्यता जास्त.

जबडा आणि श्वास ह्यांचं नातं

इथं थांबून नीट बोलायला हवं, कारण ह्या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. जबडा दुरुस्त केला की अ‍ॅप्निया जातो असं सांगणारे आहेत. दोन्हींचा काही संबंधच नाही म्हणणारेही आहेत.

अमेरिकेत ऑपेरा नावाचा मोठा अभ्यास झाला. जबड्याचं दुखणं कधीही न झालेल्या, १८ ते ४४ वयाच्या २६०४ लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, अ‍ॅप्नियाची किमान दोन लक्षणं असलेल्यांना पुढे जबड्याचं दुखणं नव्याने सुरू होण्याचा धोका १.७३ पट निघाला. जुनं दुखणं असलेल्यांची निरोगी लोकांशी तुलना केली तर नातं आणखी घट्ट, ३.६३. ह्यात मोलाची गोष्ट क्रमाची आहे: झोपेची लक्षणं आधी, जबडा नंतर. मात्र तिथं लक्षणं विचारून धरली होती, प्रत्येकाला रात्रभर यंत्र लावलं नव्हतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने २००९ मध्ये जबड्याच्या ५३ रुग्णांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं, तेव्हा २८ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅप्निया सापडला. दात खाणं मात्र त्याहून कमी, १७ टक्क्यांत. आम्ही जबडा दुखला की आधी दात खाण्यावर संशय घेतो, तेव्हा हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे.

धागा जोडतो कोण? एक तर मोडलेली झोप. दर दोन मिनिटांनी मेंदू अर्धवट जागा होत असेल तर गाढ झोप मिळत नाही, आणि गाढ झोप नसलेल्या माणसाची दुखणं दाबून ठेवायची ताकद कमी होते. तोच स्नायू, तोच ताण, पण जास्त दुखतो. दुसरं, अशी अर्धवट जाग आली की दर वेळी शरीर दचकतं: नाडी चढते, रक्तदाब चढतो, आणि कित्येकदा चावण्याचे स्नायू लयीत आवळतात. अक्का म्हणाल्या ती करकर तीच. दात खाणं हा जबडा पुढे ओढून श्वासाची वाट मोकळी करायचा शरीराचा प्रयत्न आहे, अशी एक कल्पना आमच्या परिषदांत फार आवडीने मांडली जाते. ऐकायला छान आहे. काही रुग्णांत श्वास अडल्यानंतर करकर येते, पण बऱ्याच जणांत दोन्हींचा वेळ जुळत नाही. मी ती कल्पना रुग्णाला सत्य म्हणून सांगत नाही. तिसरं, मागे बसलेला जबडा दोन्हीकडे नडतो, श्वासालाही आणि काही वेळा सांध्यालाही.

सकाळच्या डोकेदुखीने मला फसवलं ते ह्यामुळेच. कानशिलाचा स्नायू दाबून तीच वेदना उमटली तर ती जबड्याची, हे बरोबर. अ‍ॅप्नियाची डोकेदुखीही सकाळीच असते, दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी, आणि चार तासांच्या आत विरते. अण्णांची दहा वाजेपर्यंत विरायची. त्यांना दोन्ही होत्या, आणि मी पहिली सापडल्यावर शोधायचं थांबलो.

यंत्र, मिशी आणि कूस

आता उपाय कुठला? मोह माझ्याच खात्यातला होता. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांवरचं उपकरण मिळतं, घोरण्यावर आणि मध्यम अ‍ॅप्नियावर चालतं, आणि ते आम्हीच बनवतो. जे रुग्ण हवेचं यंत्र वापरू शकत नाहीत किंवा ज्यांना ते नको असतं, त्यांना हे द्यावं असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून सांगितलं आहे. पण ज्याचं तोंड दुखू न देता ३३ मिलिमीटर उघडतंय, त्याचा जबडा रोज सात तास पुढे ताणून ठेवायचा? ह्या उपकरणाने सांधा आणि स्नायू सुरुवातीला दुखतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, पण अण्णा आधीच दुखणं घेऊन आले होते. आणि ऑक्सिजन ७८ वर जाणाऱ्याला थांबवून ठेवण्यात अर्थ नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे तेच हवेचं यंत्र, सुचवलं. मी हो म्हणालो, आणि एकच विनंती केली: मास्क नाकापुरता द्या, हनुवटीचा पट्टा लावू नका. तोंड-नाक झाकणाऱ्या मोठ्या मास्कचे पट्टे जबडा मागे दाबतात. श्वासाला ते नको आणि दुखऱ्या सांध्याला तर नकोच.

सीपॅप १९८१ पासून आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी आधी तात्पुरती जुळणी करून वापरलं. तत्त्व साधं, हवेच्या हलक्या दाबाने घशाची वाट फुगती ठेवायची. गल्लीतल्या पोरांनी ऐकलं तेव्हा म्हणे अण्णांना "फायटर प्लेन" नाव पडलं.

पहिला आठवडा वाया गेला. रात्री दोनला मास्क काढून उशाला. हवा गळते, फुसफुस होते, अक्कांची झोप मोडते. दवाखान्यात आणून लावून दाखवा म्हटलं. लावला, आणि कारण नाकाखालीच होतं: भरघोस मिशी. मास्कची कड वरच्या ओठावर बसते आणि केसांतून हवा निसटते. मिशी काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अक्कांची झाली. शेवटी तडजोड: वरून कातरून कड बसेल एवढी बारीक केली. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, आत झालं पाहिजे, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत कुणी ओळखणार नाही, अशी अण्णांची कुरकुर. जानेवारीतली भेट त्यांनी यात्रेपायी चुकवलीच.

कुशीवर झोपवायचं हा दुसरा उपाय, आणि आकड्यांवरून सर्वांत स्वस्त. अक्कांनी जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टाकाऊ सुताचा आवळून केलेला गोळा घातला. उताणं होता येत नाही. पण पंधरा दिवसांनी उजव्या सांध्याचं दुखणं परत वर आलं. विचारलं तर उजव्या कुशीवर, हात गालाखाली दाबून. म्हणजे श्वासाची सोय झाली आणि सांध्यावर रात्रभर वजन. डावी कूस सांगितली, आणि उशी अशी की डोक्याचा भार कानशिलाच्या वर पडेल, जबडा उशीच्या कडेबाहेर मोकळा राहील. चादरीची घडी घालून उशी कशी उंच करायची ते आमच्या पेशंटना शिकवावं लागत नाही, घरात चादरींची कमी नाही.

जबड्याचे उपचार बाजूला चालूच होते. शेक, जीभ टाळूला टेकवून तोंड हळू उघडण्याचा व्यायाम दिवसातून चार वेळा, कात्री. कात्रीचं त्यांनी खरंच मनावर घेतलं. पुढच्या खेपेला कमरेच्या करदोट्याला बांधलेली दाखवली.

मार्चअखेर

यंत्रातल्या नोंदीप्रमाणे रोज सरासरी साडेपाच तास वापर. चार तासांच्या वर, दहापैकी सात रात्री, एवढं सांभाळलं तर वापर बरा धरतात, ते सांभाळलंय. यंत्र लावून उरलेला आकडा तासाला ४. एपवर्थ १५ वरून ७. सकाळचं डोकं थांबलं. रक्तदाब १३४/८४, पण त्यावर गोळीही सुरू आहे, त्यामुळे श्रेय कुणाला हे मी ठरवत बसत नाही. तोंड दुखू न देता ४३ मिलिमीटर उघडतं. दुखण्याला ते दहात सात द्यायचे, आता दोन.

कट्ट आवाज तसाच आहे. दुखत नसेल, अडकत नसेल तर त्याच्या मागे लागत नाही; अण्णांना हे पटायला तीन भेटी लागल्या. आवाज येतोय म्हणजे मशीन बिघडलंय, हे जॉबरच्या डोक्यातून कसं काढणार?

ह्या सुधारणेतलं किती श्वासामुळे? प्रामाणिकपणे सांगायचं तर वेगळं काढता येत नाही. जबड्याचं दुखणं बहुतेकांचं साध्या उपचारांनी, वेळ गेला की कमी होतंच. कात्रीनेही काम केलं असेल, आमटीत भिजवलेल्या भाकरीनेही. माझं मत एवढंच, की सकाळचं दुखणं गार्ड काढल्यावर आणि यंत्र लावल्यावर ज्या वेगाने उतरलं, त्या वेगाने मी नुसत्या व्यायामांनी उतरलेलं पाहिलेलं नाही.

दवाखान्यात केलेला बदल छोटा आहे. गार्डचं माप घेण्याआधी तीन प्रश्न आणि रक्तदाब: घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी सांगितलंय का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का. आणि हे प्रश्न त्याच खोलीत झोपणाऱ्याला विचारायचे. एकट्याने आलेला माणूस "मी नाही घोरत" असं छातीठोक सांगतो. तो झोपलेला असतो. गेल्या दोन महिन्यांत अशा प्रश्नांवरून मी चार जणांचे गार्ड थांबवून आधी तपासणीला पाठवलं. त्यातल्या एक बिड्या वळणाऱ्या बाई, अंगाने बारीक. नवरा सांगायला लाजत होता.

दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. एक मे महिना. पारा चाळिशीच्या वर गेला की अण्णांचं घर गच्चीवर झोपतं, आणि यंत्राला प्लग लागतो. त्यांनी स्वतःच खालून लांब वायर ओढून एक्स्टेंशन बोर्ड बसवलाय. लाइट गेली की काय, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. तेवढ्या रात्रीपुरता सुताचा गोळा.

दुसरी गोष्ट तिरुपतीची. दर वर्षी गल्लीतून बस जाते, रात्रीचा प्रवास, मुक्काम मिळेल तिथं. यंत्र न्यायला ते तयार नाहीत. आता सांधा शांत आहे म्हणून जबडा पुढे धरणाऱ्या उपकरणाचा विचार पुन्हा काढलाय. परवा माप घेतलं: स्वतःहून जबडा ९ मिलिमीटर पुढे येतो. सुरुवात त्याच्या निम्म्याने, साडेचारवर, आणि दुखलं तर तिथंच थांबायचं. ते घालून पुन्हा एक रात्र तपासणी होईल, ह्या वेळी छातीच्या डॉक्टरांशी आधी बोलून. अक्कांनी विचारलं, जुनं प्लास्टिक वापरून काही करता येईल का, पैसे दिलेत त्याचे. त्याचे पैसे मी नव्यातून वळते केले.